एक एप्रिल आणि आमची स्टाफरूम

एक एप्रिलला आमच्या शाळेत वार्षिक परीक्षा तोंडावर असते. श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्यांच्या अंगात येतं! चोवीस वर्षं मी इथे मराठी शिकवतेय. त्या दिवशी वारज्याला घरी पोहोचले की नवरा "आज काय झालं?" असं विचारतच नाही. विचारतो, "आज कोण?" त्याला सांगून सांगून माझ्याकडे इतका साठा झालाय की वर्षांची सरमिसळ होते. तेव्हा साल तेवढं विचारू नका.

*

इतिहासाच्या बापट सरांना वर्गात कुणीतरी विचारलं, "सर, एप्रिल फूल सुरू कुणी केलं?"

खरं तर नक्की कुणालाच ठाऊक नाही. युरोपात म्हणे पूर्वी काही ठिकाणी नवं वर्ष एप्रिलच्या सुमाराला धरायचे. पुढे कॅलेंडर बदललं, आणि जुन्याच तारखेला शुभेच्छा देणाऱ्यांना लोक हसू लागले. तेही खात्रीचं नाही.

पण तारीख एक एप्रिल! सरांनी ठोकून दिलं, "एक राजा होता. त्याच्याशी सगळे रोज खोटं बोलायचे. कंटाळून त्याने हुकूम काढला, यापुढे खोटं फक्त एक एप्रिलला बोलायचं!"

चेष्टा आहे हे सांगायच्या आत घंटा झाली. परीक्षेत प्रश्न आला, 'कोणत्याही एका राजाची कामगिरी लिहा.' एका मुलीने पानभर हाच राजा लिहिला.

सरांनी तिला दोन मार्क दिले. म्हणाले, "राजा खोटा आहे हो, पण कामगिरी मुद्देसूद आहे!"

*

श्वेता मॅडम विज्ञान शिकवायला नवीन आल्या होत्या. मुलांनी त्यांच्या टेबलाला, खुर्चीला, कशालाच काही केलं नाही. केलं ते आम्ही! "प्रयोगशाळेचं सामान मिळतं ना, त्या दुकानातून एक निर्वाताची, म्हणजे व्हॅक्यूमची, बाटली घेऊन या," असं सांगून पाठवलं. बाई गडबडीत होत्या, गेल्या.

दुकानदार पुण्याचा. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने एक रिकामी बाटली बुचासकट दिली. वर चिठ्ठी चिकटवलेली: 'एकदा उघडलेला निर्वात परत घेतला जाणार नाही.'

*

आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या पाठीवर पोरांनी कागद चिकटवला, 'मी गाडव आहे.' सर तसेच मंडईत गेले. अख्ख्या मंडईत कुणी अवाक्षर काढलं नाही. एका मावशींनी फक्त कोथिंबिरीची जुडी जास्तीची घातली, दया आली असावी! कागद सापडला तो घरी, बायकोला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सर तोच कागद घेऊन उभे.

"गाढवातला ढ ज्यांना येत नाही," सर म्हणाले, "त्यांनी मला गाढव म्हणू नये. बसा खाली!"

*

गणिताच्या लिमये बाईंच्या तासाला सातवीने सगळे बाक फिरवून मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवले. बाई आल्या, बघितलं, आणि शांतपणे मागे जाऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"वा! म्हणजे शेवटचा बाक आता पहिला झाला. चला, एकोणीसचा पाढा!"

*

या लिमये बाई बावन्न वर्षांच्या, लग्न न केलेल्या. चित्रकलेचे सावंत सर छप्पन्नचे, पत्नी जाऊन बारा वर्षं झालेली. एका एक एप्रिलला सकाळी दोघांनी स्टाफरूममध्ये पेढे ठेवले. बाई म्हणाल्या, "आज तीनला आमचं लग्न आहे, नोंदणी कार्यालयात. एक साक्षीदार कमी पडतोय. कोण येतंय?"

असा हशा पिकला की विचारू नका! बापट सर म्हणाले, "पेढ्यात तिखट घातलंय ना?" पेढ्याला कुणी हातही लावला नाही. दोघं आपापल्या वर्गावर गेले.

मी तीनला स्कूटर काढून गेले, ती फक्त त्यांची चेष्टा पकडायला. फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, एवढाच बेत.

तर बाकावर बाई मोरपंखी साडीत. शेजारी सर. सोबत सरांची बहीण आणि मेव्हणे, बस्स. महिनाभर आधी रीतसर नोटीस दिलेली. मला बघून बाई ताडकन उठल्या, माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "आधार कार्ड आणलंयस ना?" एवढंच म्हणाल्या.

पर्समध्ये होतं. मी सही केली. फोटो काढायचं राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अहो बाई, अख्ख्या वर्षात हीच तारीख सापडली तुम्हाला?"

बाईंनी पदर सारखा केला. "सर ऐनवेळी आले नसते तर चेष्टा होती असं म्हणता आलं असतं गं, सगळ्यांना."

सावंत सर स्कूटरला किल्ली लावत होते. तिथूनच मान वर न करता म्हणाले, "मीसुद्धा तारखेला त्याचसाठी हो म्हटलं होतं!"