भाजणारी थंडी

ज्युड तुस्कानो गेली बावीस वर्षं अजमानला मासळीच्या कोल्ड स्टोअरमध्ये आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे पंचवीस. वसईचा हा गडी दिवसातून दहादा आत-बाहेर करतो, पण कधी शिंकेल तर शपथ! घरी मात्र, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये, त्याची बोलती बंद. नववीतली नादिया फाडफाड इंग्रजी बोलते आणि हा पडला मराठी शाळेतला. काही अडलं की पोरगी थेट आईकडे, बेव्हर्लीकडे धावते. एकदा तरी आपल्याला विचारावं, एवढीच बिचाऱ्याची हौस.

परवा नादिया अगदी रडकुंडीला आली होती. शाळेत म्हणायच्या जुन्या इंग्रजी कवितेत 'फ्रोर' हा शब्द होता. पूर्वीचे कवी हाडं गोठवणाऱ्या थंडीला असं म्हणायचे, आज कुणी म्हणत नाही. त्यात कवितेतली ही थंडी म्हणे अंग भाजते! तुझ्या कविता म्हणण्यात जीव नाही, असं मिस म्हणाल्या होत्या.

"कोल्ड कान्ट बर्न, मम्मी!"

बेव्हर्लीनं पुस्तक ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"का नाही भाजणार?" ज्युड जेवता जेवता बोलून गेला आणि त्यानं हात पुढे केला. बोटावर पांढरा चट्टा होता. "पहिल्याच आठवड्यात उघड्या हातानं लोखंडी रॅक धरला होता. चटकाच बसला."

"रियली, डॅडी?"

झालं! गडी हवेत. शनिवारी मॅनेजर फरदीनला मस्का लावून त्यानं लेकीला आत नेलं. "हबीबी, दोनच मिनिटं हां," फरदीननं बजावलं. गुडघ्यापर्यंत येणारं बापाचं जाकीट घातलेल्या नादियानं ग्लोव्ह काढून रॅकला बोट टेकवलं मात्र, आणि किंचाळली, "आउच! इट बर्न्स!" मग दोघं हसत सुटले.

गुरुवारी शाळेच्या कार्यक्रमात तिनं पालकांसमोर कविता अशी म्हटली, की 'फ्रोर' आल्यावर पहिल्या रांगेतल्या बायांनी ओढण्या लपेटून घेतल्या. मिसनी विचारलं, हे कुणी शिकवलं? नादियानं मागच्या रांगेतून बापाला ओढत आणलं.

"सर, आम्हालाही सांगा ना," मिस इंग्रजीत म्हणाल्या.

सर! ज्युडला घाम फुटला. इंग्रजी काही तोंडातून फुटेना. शेवटी त्यानं सरळ मराठीत सुरुवात केली. आणि त्याचा हात घट्ट धरून नादिया त्याचं वाक्यन् वाक्य सगळ्यांना इंग्रजीत सांगू लागली, एक शब्दही न गाळता.