दवाखान्याची तालीम

आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जे करायचं ते त्यांनी आधी करून पाहिलेलं असतं. आपण बघतो तो दुसरा किंवा तिसरा प्रयोग. मुलांना नेरच्या स्टँडवर एसटीत चढवायचं असलं की आदल्या दिवशी मैदानावर बाकांची एसटी उभी राहते आणि सर स्वतः कंडक्टर होऊन "मांगं सरका, मांगं सरका" असं ओरडत फिरतात. मुलीच्या लग्नात आदल्या संध्याकाळी त्यांनी जावयाकडून चार वेळा हार घालून घेतला. चौथ्या वेळी जावई कळवळून म्हणाला, "मामाजी, आता लग्न लागलं असं धरू का?" मुख्याध्यापकांकडे रजा मागायला जाण्याआधी ते माझ्या टेबलासमोर उभे राहून रजा मागतात, आणि मी दिली तर भडकतात. "इतक्या लवकर कोनी रजा देते का भाऊ? जरा आढेवेढे घ्या ना!" मग मी घेतो. मी मराठी शिकवतो, तेवढं मला जमतं.

असा हा माणूस एका गोष्टीपुढे मात्र हतबल झाला होता. सातवीतल्या प्रणालीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सांधे दुखायला लागले की तिला यवतमाळला लहान मुलांच्या दवाखान्यात न्यावं लागतं, सलाइन लागतं, कधी रक्त द्यावं लागतं. एकदा ती तिथून परत आली तेव्हा तिच्या बाकावर बसणारी आचल दप्तर उचलून मागे जाऊन बसली. शेजारी बसलं की आपल्यालाही होतं, असं कुणाच्या तरी घरातून वर्गात आलं होतं. विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं की हा आजार जन्मापासून असतो, लागत नाही. वर्गाने एकसुरात "हो मॅडम" म्हटलं आणि एकही जण जागचा हलला नाही. मग प्रणाली पुन्हा भरती झाली, आणि तिची आई शाळेत येऊन म्हणाली, "पोरगी म्हनते, आता शाळेत जातच नाही मी. नाव काढून टाका म्हनते जी."

त्या दिवशी सरांनी मैदानाला किती चकरा मारल्या ते मैदानच जाणे. पाणी प्यायला आत येत, न पिताच बाहेर जात. शेवटी माझ्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "पोट्ट्यायले दवाखान्यातच नेतो. पाहतीन तं समजन."

आणि अर्थातच, तालीम! अर्धा वर्ग पेशंट, अर्धा वर्ग भेटायला आलेला. पेशंट बाकांवर आडवे होऊन असे कण्हायला लागले की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. भेटायला येणाऱ्याने रांगेत यायचं, हात मागे, आणि विचारायचं, "बरं वाटते का?" पेशंटने म्हणायचं, "हो, बरं आहे." की पुढचा. रडायचं नाही. "रडू आलंच तं वर पंख्याकडं पाहाचं," सर म्हणाले, "डोये आपोआप सुकते."

खऱ्या दवाखान्यात मीही बरोबर गेलो होतो; तिथे सिस्टरने पाच-पाच जणांनाच आत सोडलं. पहिले पाच दारातून दोन पावलं आत गेले, एका एवढ्याशा बाळाच्या हाताला चिकटवलेली सुई त्यांनी पाहिली, आणि पाचही जण पंख्याकडे बघत उभे राहिले. मग खाटांवरची पोरंही वर बघायला लागली. "काय आहे तिथं? पाल आहे का?" एकाने विचारलं. आमचा कबड्डीचा कॅप्टन सिस्टरवरच तापला, "एवढ्या लहान्याले कायले टोचता?" एका पोराला हसू फुटलं आणि थांबेना. सर त्याच्यावर डोळे वटारणार तोच सिस्टर म्हणाली, "हसू द्या त्याले. घाबरला आहे तो."

प्रणालीच्या खाटेपाशी मात्र रांग शिस्तीत चालली होती. बरं वाटते का? हो. बरं वाटते का? हो. नवव्या वेळी ती उठून बसली. "नाही वाटत! दुसरं काही इचारता येत नाही का तुमाले?"

याची तालीम झाली नव्हती. समोरचा पोरगा गोंधळून दाराकडे वळला. "सर, हे नाही म्हनते! आता काय म्हनू?" सरांनी वर पंख्याकडे पाहिलं. मी पंचवीस वर्षं त्यांच्याबरोबर आहे. स्वतःच सांगितलेला उपाय त्यांना करावा लागलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

शेवटच्या पाचांत आचल होती. तिने प्रश्न विचारलाच नाही. खाटेची दांडी धरून ती म्हणाली, "मी उठून गेलती. आजी म्हने, बाजूले बसलं का होते."

"असं बसून नाही भेटत ते," प्रणाली ठसक्यात म्हणाली. "जन्मापासूनच असावं लागते. तुले पाह्यजे असन तरी नाही भेटत." यावर आचल हसली, आणि हसता हसता मोठ्याने रडली. पंख्याकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

परतीच्या एसटीत कुणाला स्वस्थ बसवेना. पोरं जागा बदलत होती, खिडक्या उघडत होती, लावत होती. सर दोन बाकांच्या मधल्या वाटेत येरझारा घालत होते. माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "भाऊ, वापस यायची तालीम घेतलीच नाही आपन."

पंधरा दिवसांनी प्रणाली वर्गात आली. आचलने दप्तर सरकवलं. एवढंच घडलं. व्हरांड्यात उभे असलेले सर ते बघून मैदानाकडे निघून गेले.

अजूनही अधूनमधून प्रणाली यवतमाळला जाते. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत. ती नसते त्या दिवशी मी सातवीवर तासाला गेलो, की आचल बाकाच्या एका टोकाला अंग चोरून बसलेली दिसते. दुसरा अर्धा रिकामा. "जरा ऐसपैस बस की," असं मी एकदा म्हणालो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "प्रणाली येनार हाये ना, सर." मी खडू घेऊन फळ्याकडे वळलो, आणि काय लिहायचं होतं ते काही केल्या आठवेना.