पुठ्ठ्यावरची पाल

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. तिथे मूर्तींचे डोळे फक्त सासूबाई रंगवायच्या. या कामाला आखणी म्हणतात, आणि त्यांचा सगळा मान त्या आखणीत होता. माझ्या वाट्याला पितांबर रंगवणं यायचं, वर टोमणे फुकट.

पालींवर त्यांचा भारी दात. ट्यूबलाइटपाशी पाली किडे टिपायला जमायच्या आणि खालच्या ओल्या रंगावर घाण करायच्या. यंदा सासूबाईंनी तिथे उंदरांचा चिकट पुठ्ठा लावला. सकाळी बघते तर एक पाल त्यावर अडकलेली. धडपडीत तिची शेपूट तुटून खाली पडली आणि एकटीच वळवळत राहिली.

"तेल लावलं की सुटंल ती," मी म्हणाले.

"अष्टमीच्या पोरीला पालीचा लय पुळका! हात लावू नको गो. बघू तरी किती दिस काढते." अष्टमी हे माझ्या माहेरचं गाव.

काढले बिचारीने. पालीला पापण्या नसतात. डोळ्यात धूळ गेली की ती जीभ बाहेर काढून डोळाच चाटते. कारखान्यात घासकाम चालू, भुकटी उडतच होती. पाय हलत नव्हते, तरी ती डोळे तेवढे पुसत राहायची. मला सासूबाईंचा असा संताप यायचा!

त्यांना स्वतःला मोतीबिंदू झालेला. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणीच नव्हतं. मग एका मोठ्या मूर्तीचं एक बुबुळ समोर बघू लागलं, दुसरं भिंतीकडे. गिऱ्हाईक तोंडावर हसलं. माझ्या नवऱ्याने सगळ्या कारागिरांदेखत त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"आई, ऊठ. तुला आता दिसत नाय. आखणी ही करंल."

मी नको म्हटलं नाही. त्यांच्या पाटावर बसले, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

दुपारी सासूबाई वाटीत गोडेतेल घेऊन आल्या. कोपऱ्यात बसून पुठ्ठा मांडीवर घेतला आणि पालीच्या पायांशी थेंब थेंब तेल सोडू लागल्या. पाल सकाळीच मेली होती. पोटाला मुंग्या लागल्या होत्या.

"हलत का नाय गो ही? जिती हाय ना?"

मी मूर्तीवरचा ब्रश उचलला नाही.

"बघा की तुम्हीच. डोळे तर उघडे हायत."

त्यांनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ निरखला, आणि पुन्हा तेल सोडू लागल्या.