टाकीजवळची रेंज

अख्ख्या रायपुरात मोबाइल कंपन्यांना कोणी दमवलं असेल, तर माझ्या मावसाजींनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, बागेला पाणी घालतात. मावसाजींनी नंबर पोर्ट करण्याचं व्रत घेतलं. एका कंपनीनं रिचार्ज वाढवला की हे नंबरासकट दुसरीकडे, तिनंही तेच केलं की तिसरीकडे. एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस हलता येत नाही, म्हणून घरच्या कॅलेंडरवर एकादशीपेक्षा ठळक गोल त्या नव्वदाव्या दिवसाला असायचा. शंकर नगरातल्या मोबाइलच्या दुकानात हे शिरले की दुकानदार आपणहून आधार कार्डासाठी हात पुढे करायचा. "इस बार कितने दिन रुकेंगे, अंकल?" असं त्यानं एकदा विचारलं, तर हे गंभीरपणे म्हणाले, "कंपनी के चाल-चलन पर है."

फोनवर बोलायची त्यांची रीतही निराळी. कॉल फुकट होऊन किती वर्षं झाली, पण यांच्या डोक्यातलं मिनिटाचं मीटर काही बंद झालं नाही. हॅलोवर श्वास वाया न घालवता ते "बोल" म्हणतात, ऐकतात आणि "ठेवतो" म्हणून ठेवतात. माझं लग्न ठरल्याचं मी कळवलं, तेव्हा "बरं झालं, ठेवतो" एवढाच आशीर्वाद मिळाला. घरात फोन एकच, कारण दुसरा फोन म्हणजे दुसरा रिचार्ज. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मीनू रोज संध्याकाळी सातला फोन करायची, "आईला दे" म्हणायची, आणि पुढचा तासभर मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून लेकीशी बोलायची.

गेल्या उन्हाळ्यात मावसाजींना महिन्याला साठ रुपयांनी स्वस्त कंपनी सापडली. पेढे वाटायचेच बाकी होते. नवं सिम सुरू झालं आणि लक्षात आलं की या कंपनीची रेंज घरात कुठेच येत नाही. येते ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, तोंड पश्चिमेकडे केलं तर. मावशीच्या गुडघ्यांना दोन जिने झेपत नाहीत. ती भांडली नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली, "साठ रुपयांत माही पोरगी विकली तुम्ही." त्या दिवशी मावसाजी जेवले नाहीत, असं मावशीनंच मला सांगितलं.

मग नव्वद दिवस हा माणूस जिने चढला-उतरला. सातला वर जायचे, खाली येऊन "जेवली, बरी आहे" एवढा अहवाल द्यायचे. मावशी विचारायची, काय जेवली? पुन्हा वर. खोकला गेला का? पुन्हा वर. दमछाक टाळायला ते आधीच सगळं विचारून घेऊ लागले: डब्यात भाजी कोणती होती, साहेब काय बोलला, घरमालकीण अजून तशीच आहे का. एकदा नव्या रायपुरातलं ऑफिस सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले, तर हे टाकीला टेकून मीनूला आपल्या पहिल्या पोस्टिंगची फजिती सांगत होते आणि स्वतःच हसत होते. अर्धा तास झाला तरी "ठेवतो" काही आलं नाही.

नव्वदाव्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते पायरीवर हजर होते. या वेळी त्यांनी सगळ्यात महागडी कंपनी निवडली, कारण तिची रेंज स्वयंपाकघरात येते. मी थक्क होऊन विचारलं, काहून? तर म्हणाले, "मीनूच्या मायले पोरीचा आवाज पाहिजे. माह्या सांगण्यात चव नाही येत."

आता सातला फोन घरातच वाजतो. मीनू "आईला दे" म्हणते, मावसाजी देतात आणि टाकी पाहायला म्हणून गच्चीवर जातात. परवा मी चहा घेऊन मागोमाग गेले. ते त्याच जागी, पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. टाकी भरली का, म्हणून विचारलं.

"हव, भरली," ते म्हणाले. चहा अर्धा संपल्यावर हळूच म्हणाले, "तीन महिने पोट्टी सारं मलेच सांगत होती."

मला फार वाईट वाटलं. खाली येऊन कॅलेंडर पाहिलं, तर पुढच्या नव्वदाव्या दिवसाला गोल नव्हता. मीनूला मी अजून काही बोलले नाही, पण सांगणार आहे, की आईशी बोलून झालं की एकदा "बाबांना दे" म्हण.