ठोकून तोडणारा सार्किम

सार्किम बांबू तोडायचा. कोयता चालवण्याआधी तो कोयत्याच्या पाठीने बांबूवर ठोकायचा आणि उभा राहायचा. वर काही हललं तर ते बेट सोडून पुढे जायचा. आमच्या चिरांगोन वाडीतले लोक हसायचे.

"काय सार्किम, घरमालक आहेत का विचारतोस?"

"आहेत. झोपलेत. तू ओरडू नकोस."

घरमालक म्हणजे कुकांग. मांजराच्या पिलाएवढं, माकडाच्या कुळातलं जनावर. रात्री झाडांचा डिंक चाटत हिंडतं, दिवसा बांबूच्या बेटात गुंडाळी करून झोपतं. घाबरलं तरी पळत नाही, आहे तो बांबू घट्ट धरतं आणि बांबूबरोबरच खाली येतं. त्याचं रक्त ज्या जमिनीवर पडेल ती जमीन सुटून खाली घसरते, असं आमचे म्हातारे सांगत.

पुढे बांडुंग शहरातून रेंगानिस नावाची मुलगी या जनावरांचा अभ्यास करायला आली. तिने काहींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधले. दिवसा एरियल धरून ती कोणतं जनावर कुठे झोपलंय ते शोधायची आणि त्या बेटाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे तिथे कोणी तोडू नये. चढण चढताना ती धापा टाकायची, पण थांबायची नाही. सार्किमने तिच्याबरोबर काम धरलं ते एवढं बघून. तो तिला नेंग, म्हणजे पोरी, म्हणायचा आणि ती त्याला आबाह, म्हणजे बाबा.

सार्किमच्या घराच्या बरोबर वर एक जुनं बेट होतं. खाली त्याचं आणि आणखी चार घरं. बेटाला चिंधी होती. जमीन हाजी मकमुनची. चिंधी बांधताना त्याने मान डोलावली होती, पण भोपळ्याच्या मांडवांना खांब कमी पडले तेव्हा नदीपलीकडचा ओदिक बोलावला. ओदिक ठोकत नसे. त्याला तेवढी उसंत नव्हती.

दुपारी सार्किम वर गेला तेव्हा अर्धं बेट आडवं होतं. कापलेल्या बुंध्यांमध्ये पाला टाकलेला. पाल्याखाली कुकांगची मादी होती आणि माती काळी पडली होती.

रेंगानिसने ते जनावर फडक्यात गुंडाळलं. सार्किम मातीकडेच बघत होता.

"नेंग, ही माती काढायला हवी."

"आबाह, रक्ताने काही होत नाही. हा उतार मुळांनी धरलाय. खणलंत तर पाणी आत मुरेल."

"तू म्हणतेस ते खरं असेल. पण ही माती डोक्यावर ठेवून आर्सिहला खाली झोपवू कशी?" आर्सिह म्हणजे त्याची बायको.

"मग वरवरची तेवढीच काढा."

तो हो म्हणाला. पण सार्किमला अर्धं काम करता येत नसे. रक्त मुळांच्या फटींत उतरलं होतं. त्याने पहारीने एकेक गड्डा सुटा केला. मी जन्मभर खणण्याचं काम केलं. इतका साफ खड्डा पाहिला नाही. कडा ओळंब्यात, तळ सपाट. माती दुसऱ्या कोणाच्या वावरात पडू नये म्हणून त्याने पाट्या खांद्यावरून नदीपर्यंत नेल्या. मग नवी माती भरली, धुम्मसाने चोपून बसवली. धुमसणंही नीट होतं. पण मुळाची जागा माती घेत नाही.

पावसाने ती माती खचली. खड्ड्यात पाणी उभं राहिलं, मग एक दिवस दिसेनासं झालं. घरामागचा झरा गढूळ आला. उरलेले बांबू घराकडे झुकू लागले.

"अहो, बांबू आज वाकून बघतायत," आर्सिह म्हणाली.

"वारा आहे."

"वारा तिकडून येतोय. हे इकडे का वाकलेत?"

एका दुपारी झरा बंद पडला, म्हणजे पाणी उतारात कोंडलं. सार्किम कोयता घेऊन निघाला. चारही घरांच्या खांबांवर त्याने कोयत्याच्या पाठीने ठोकलं आणि माणसं बाहेर येईपर्यंत उभा राहिला.

"आबाह, आता आम्हाला तोडायला आलात की काय?"

"बाहेर ये. चपला राहू देत."

शेवटी त्याने स्वतःचा खांब ठोकला. आर्सिह भात उतरवत होती. तो हाक न मारता उभा राहिला. ती भांडं घेऊनच आली.

ओले बांबू एकदम चिरावेत तसा आवाज झाला. पाच घरांच्या जागी चिखल होता, त्यात एक लाल चिंधी.

वाडी म्हणते, रक्त पडलं म्हणून जमीन गेली. रेंगानिस म्हणते, तोडणीने आणि खड्ड्याने. सार्किमला विचारलं तर तो हाताच्या घट्ट्यांकडे बघतो.

आता सार्किम आणि आर्सिह वरच्या वाडीत मुलीकडे राहतात. त्या घराच्या वरही बांबूचं बेट आहे. त्यालाही चिंधी आहे. परवा मी गेलो होतो. आर्सिहने उकडलेला कसावा पुढे ठेवला. तेवढ्यात वरून कोयत्याचा आवाज आला.

सार्किमने घास खाली ठेवला. "आधी ठोकल्याचं ऐकलंस का रे?"

मी ऐकलं नव्हतं.

तो उठून चढणीला लागला. कोयता पुन्हा वाजला. आर्सिहने चुलीवर पाणी ओतलं आणि नातवाला कडेवर घेतलं.