क्लच नसलेलं हेलिकॉप्टर

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, ड्रायव्हिंग शिकवायचे. शिकवायचे म्हणजे दिवसभर लोकांचा पाणउतारा करायचे आणि अधूनमधून गिअर दाखवायचे. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. त्या ब्रेकवर त्यांचा पाय असा टपून बसलेला असायचा की शिकणाऱ्याला धड चूक करायचीही सोय नव्हती. गाडी गचकन थांबायची, कपाळ पुढे आपटायचं आणि भावोजी शांतपणे विचारायचे, “रस्ता तुझ्या बापाचा आहे का?” लोकांनी त्यांचं नाव ब्रेकमास्तर ठेवलं होतं. मीही हौसेनं शिकायला गेले होते. मला म्हणाले, “तू पायीच चाल, जगावर उपकार होतील.” पोस्टाच्या खिडकीत बसून मी जन्मभर माणसांची बडबड ऐकली आणि सगळी विसरले. हे वाक्य विसरले नाही.

एक शब्द मात्र ते मऊ आवाजात म्हणायचे. क्लचवरून पाय उचलायची वेळ आली की, “सोऽड. हळू सोऽड.” शिकणारा दचकला की पाय उडतो आणि गाडी बंद पडते, म्हणून हा मऊपणा, त्यात मायेचा भाग नव्हता. आणि गंमत म्हणजे ‘सोड’ म्हणताना त्यांचा स्वतःचा डावा पायही त्यांच्या बाजूच्या क्लचवरून अलगद वर यायचा. त्यांना ते कळायचंही नाही. आम्ही मागच्या सीटवर बसून ते बघायचो आणि तोंड दाबून हसायचो.

त्यांचा जावई हा मुळात त्यांचा विद्यार्थी. पोरगा घाबरट होता, आणि घाबरट माणूस मिळाला की भावोजींना चेव यायचा. एकदा उड्डाणपुलाच्या चढावर त्यांनी त्याला गाडी नुसत्या क्लचवर धरून ठेवायला लावली. मागे हॉर्नचा गोंगाट, पोरगा घामानं निथळतोय, आणि गाडी मागे घसरायला लागली. भावोजींनी ब्रेक दाबला नाही. मुद्दाम. गाडी मागच्या टेम्पोवर जाऊन टेकली. टेम्पोवाल्यानं खाली उतरून खिडकीतून हात घातला आणि पोराच्या कानाखाली वाजवली. भावोजी शेजारी बसून हसत होते.

पुढे त्याच पोरानं त्यांच्या मुलीशी लग्न केलं. त्यानंतर घरात चार माणसं जमली की भावोजी टेम्पोची गोष्ट सांगणार हे ठरलेलं. टेम्पोवाल्याचा हात कसा आला, जावयाचा चष्मा कसा उडाला, सगळं साभिनय. जावई दरवेळी हसायचा. माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटायचं की नवरा किती खिलाडू आहे. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

बहीण गेली. मग भावोजींना झटका आला, सौम्यच, पण डावा पाय हुकूम उशिरा पाळायला लागला. ते मुलीकडे राहायला आले, आणि तिथं माझं रोजचं येणंजाणं होतं. त्यांची ती दोन क्लचची गाडी इमारतीच्या आवारात आच्छादनाखाली उभी राहिली आणि किल्ली भाचीनं ताब्यात घेतली. त्यावरून रोज कटकट. भावोजींचं जगात दुसरं काही मागणं नव्हतं, गाडी चालवू द्या एवढंच. डॉक्टर ना हो म्हणत होता ना नाही. शेवटी भाची वैतागून म्हणाली, “बाबा, माझ्याशी वाद नको. तुमच्या जावयानं पाय बघितला आणि ठीक आहे म्हणाला, तर मी किल्ली देते.”

जावई विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. कुणाची चूक, किती चूक, हे ठरवायचं त्याचं काम, आणि तो ते आवाज न चढवता करायचा. घरातल्या मागच्या खोलीत त्यानं स्वतःसाठी लढाऊ हेलिकॉप्टर मांडलं होतं. तीन पडदे, जुन्या गाडीची सीट, पायाशी दोन पेडल, गुडघ्यांच्या मध्ये काठी, डाव्या हाताशी वरखाली होणारा दांडा. कुणी त्याला खेळ म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. “खेळ नाही, सिम्युलेटर. खऱ्या हेलिकॉप्टरात जेवढी बटणं तेवढी इथं.” सुट्टीच्या दुपारी त्याचे मित्र आपापल्या घरीच कानाला हेडफोन लावून इंटरनेटवर जमायचे आणि सगळे मिळून कुठल्यातरी दऱ्याखोऱ्यांत लढाया करायचे.

तो म्हणाला, “मामा, पाय इथं तपासू. रस्त्यावर कुणी मेलं तर मेलं. इथं मेलं तर परत सुरू करता येतं.”

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. दांडा वर घेतला की हेलिकॉप्टर उडतं, पण त्याच वेळी स्वतःभोवती उजवीकडे फिरायला बघतं. ते थोपवायला डावं पेडल दाबून धरावं लागतं, ना कमी ना जास्त. डावा पाय तपासायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

पहिल्या दिवशी भावोजी ऐटीत सीटवर बसले, डावीकडचा दांडा पाहिला आणि म्हणाले, “हा हँडब्रेक.”

“हँडब्रेक नाही, मामा. आणि इथं मला सर म्हणायचं. शिस्त असते.”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. “बरं, सर,” ते म्हणाले.

हेलिकॉप्टर जमिनीपासून जरा उचललं आणि डोलायला लागलं. संकट दिसताच भावोजींनी जन्मभर जे केलं तेच केलं: उजवा पाय दाणकन ब्रेकवर आणि हात हँडब्रेकला. तिथं ब्रेक नव्हताच. उजवं पेडल दाबल्यावर शेपूट गरकन फिरली, दांडा खेचल्यावर ते वर उसळलं, आडवं झालं आणि टेकडीवर फुटलं. हेडफोनमधून मित्रांचं खिदळणं मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू आलं. जावई हसला नाही. त्यानं सावकाश विचारलं, “आभाळ तुमच्या बापाचं आहे का?”

शब्द भावोजींचेच होते, फक्त त्यांना ‘तुमच्या’ असं आदरार्थी वेष्टन होतं. त्यानं सगळी वाक्यं जपून ठेवली होती हो! “हातात काठी आहे, लाटणं नाही.” “डोळे कुणाला उसने दिलेत?” एकेक काढून तो सासऱ्याला परत करत होता, आणि तोंडावर सुरकुतीही नाही. इंजिन सुरू करतानाचा बटणांचा क्रम चुकला की तो गप्प राहायचा, भावोजींना शेवटपर्यंत जाऊ द्यायचा आणि मग सगळं बंद करून म्हणायचा, “पहिल्यापासून.” मित्रांनी भावोजींचं नाव ‘शिकाऊ’ ठेवलं. “आज शिकाऊ येणार का?” असं विचारूनच ते जमायचे. मला सुरुवातीला बरं वाटलं, हे लपवून काय करू? मीही पायीच चालत होते.

पण भावोजी हटले नाहीत. हळूहळू त्यांनी हेलिकॉप्टर एका जागी तरंगत धरलं. त्या दिवशी जेवताना म्हणाले, “चढावर गाडी क्लचवर धरतात ना, तसंच आहे. फक्त चढ चारही बाजूंनी.” नाक लाल, डोळे चमकत होते. त्या माणसाला इतकं खूश मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अडलं ते रॉकेटवर. हेलिकॉप्टर दोघांचं. भावोजी मागे बसून उडवणार. जावई शेजारच्या टेबलावर दुसऱ्या संगणकाशी, म्हणजे हेलिकॉप्टरात पुढच्या सीटवर, निशाणा धरणार. निशाणा जमला की तो ओरडायचा, “सोडा!” आणि भावोजींनी बोटानं रॉकेट सोडायचं. पण ‘सोडा’ ऐकलं की बोटाआधी त्यांचा डावा पाय वर यायचा. हेलिकॉप्टर गिरकी घ्यायचं आणि रॉकेटं आपल्याच छावणीवर. मित्र हसून हसून बेजार. जावई मात्र पडदा सोडून सासऱ्याच्या पायाकडे बघत राहिला. तेव्हाच मला खटकलं होतं, पण मी मूग गिळून बसले.

‘सोडा’ म्हणजे पाय नव्हे, बोट. एवढं अंगात मुरवायला भावोजींना फार कष्ट पडले. जेवताना पुटपुटायचे, “सोडा. बोट. सोडा. बोट.” जाडजूड माहितीपुस्तक घेऊन मुलीला शब्द विचारायचे. आणि पाय खरंच सुधारला. जिन्यावर ते डावा पाय आधी टाकायला लागले. मी एकदा जावयाला म्हणाले, “अहो, आता तपासायचं काय राहिलंय?” तो म्हणाला, “परीक्षा, मावशी. ती तर झाली पाहिजे.”

परीक्षा रविवारी दुपारी. डोंगरामागून निघायचं, दरीतल्या रणगाड्यांवर रॉकेट टाकायचं, परत येऊन छावणीत उतरायचं. नीट उतरलं की किल्ली. भावोजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी खुर्ची ओढून घेतली. भाची दारात उभी होती.

काय उडवलं त्यांनी! बटणं एकामागून एक, न चुकता. हेलिकॉप्टर दरीच्या तळातून झाडं चाटत गेलं. डोंगराच्या कडेला त्यांनी ते असं थांबवलं की खुंटीला टांगल्यासारखं. “सोडा!” जावई ओरडला. बोट हललं, पाय जागचा हलला नाही. दोन रणगाडे पेटले. हेडफोनमधली मंडळी चिडीचूप झाली, मग एकजण म्हणाला, “वा, शिकाऊ!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या माणसाचा राग होता, तरी आलं.

परत येऊन ते छावणीवर तरंगले. खाली गोल आखलेला. दांडा हळूहळू खाली, डावा पाय पेडलवर घट्ट. आता जमीन हाताच्या अंतरावर होती.

जावई त्यांच्याकडे न बघता अगदी मऊ आवाजात म्हणाला, “सोऽड. हळू सोऽड.”

‘सोडा’ नाही. ‘सोड.’ भावोजींचाच आवाज, त्यांचाच हेल. तो आवाज त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना ऐकवला होता आणि स्वतःचा पाय त्यावर पोसला होता. पाय अलगद वर आला. हेलिकॉप्टर जागच्या जागी गरकन फिरलं, शेपूट तंबूंवर आपटली, पाती जमिनीत घुसली आणि तिन्ही पडदे लाल झाले. मित्र असे हसले की जावयाला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला.

“नापास,” तो म्हणाला. “पाय अजून भरवशाचा नाही, मामा.”

मी उठून उभी राहिले. “हे मुद्दाम केलंत तुम्ही!”

“रस्त्यावर कुणी काहीही बोलेल, मावशी. पाय जागेवर राहायला नको?”

मला वाटलं भावोजी आता त्याची गचांडी धरतील. ते काठीवरचा हात न काढता बसून होते. मग म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. मी असाच नापास केला असता.” आणि उठून आपल्या खोलीत गेले.

मी तणतणत भाचीच्या मागे स्वयंपाकघरात गेले. “तुझा नवरा माणूस आहे की कोण? चढावरच्या एका थपडेचं उट्टं म्हाताऱ्यावर काढतो? तू दारात उभी होतीस. तू ऐकलंस.”

भाची भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला. “मावशी, मीच सांगितलं होतं त्याला.”

“काय सांगितलंस?”

“बाबांना पास करायचं नाही म्हणून. काहीही कर, पण किल्ली मागायला ते माझ्याकडे यायला नकोत. उद्या त्यांनी कुणाला उडवलं तर? मला भीती वाटते. आणि त्यांना तोंडावर नाही म्हणायची तर त्याहून जास्त वाटते. लहानपणापासून वाटते.” मग म्हणाली, “कसं करायचं ते मी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानं ठरवलं.”

“मग आधीच का नाही थांबवलंस? एवढे दिवस त्यांना झुलवत ठेवलंत?”

“मला वाटलं, त्यांना जमणारच नाही. कंटाळून सोडून देतील.”

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भावोजींची खोली स्वयंपाकघराला लागून, आणि दार उघडं. झटक्यानं त्यांचा पाय गेला होता, कान शाबूत होते. ते उंबऱ्याशी आले. मुलीकडे बघत म्हणाले, “अगं, मग सरळ नाही म्हणायचंस ना. मी शिकलो कशाला इतकं?”

सरळ नाही म्हटलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक असावं, कारण ते ओरडले नाहीत. मला त्यांची दया आली आणि तिचा राग आला, आणि तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं असंही वाटलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून जावयाची हाक आली. आवाजात दुपारच्या सुट्टीचा निवांतपणा होता. “मामा, मंडळी विचारतायत, शिकाऊ गेला का? आणखी एक फेरी होऊन जाऊ दे.” हेडफोनमधलं खिदळणं इथपर्यंत येत होतं.

भावोजींनी शर्टाची बाही नीट केली आणि तिकडे वळले.

भाचीनं ओल्या हातानं त्यांचा दंड धरला. “बाबा, नका जाऊ. ते हसतात तुम्हाला.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. त्यांनी तिचा हात सोडवला. “पण मग दुसरं काय चालवू?”