मेधाचं धनुष्य आणि माझी खंडेनवमी

आमच्या घरात शस्त्र म्हणावं असं एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचं आहे.

मेधा रियाधमधल्या एका इस्पितळात दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणून झालं की संध्याकाळी तिला कुठेतरी लांब नेम धरावासा वाटतो. (जवळचा नेम मी असल्यामुळे तिला धनुर्विद्येच्या क्लबात मीच घातलं.) तिचं धनुष्य म्हणजे कंपाउंड बो. चित्रातलं वाकवलेलं लाकूड नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, मध्ये दोऱ्यांचं जाळं आणि जागोजागी स्क्रू. मी बँकेच्या आयटीत. स्क्रू दिसला की माझा हात शिवशिवतो.

त्या शुक्रवारी क्लबात निवड होती. निवडून येणारे जुबैलला मोठ्या स्पर्धेला जाणार होते. मागच्या वर्षी मेधा अगदी थोडक्यात हुकली होती आणि घरी येऊन तिनं अख्खा ओटा घासला होता. "या वर्षी मी जाणारच," ती म्हणाली होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात खंडेनवमी आली.

इतकी वर्षं आम्ही शस्त्रपूजेला लॅपटॉप, मिक्सर, कात्री आणि गाडी मांडत आलो. मिक्सरला शस्त्र म्हणून हात जोडताना मन काही भरत नाही हो. यंदा घरात खरं शस्त्र! मेधा ड्यूटीवर होती. मी धनुष्य स्पिरिटनं लख्ख पुसलं. त्यावर कुणीतरी पांढऱ्या पेनानं बारीक रेघोट्या मारल्या होत्या, त्याही घासून काढल्या. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वर ओल्या कुंकवात कालवलेल्या मूठभर अक्षता.

"बाबा, इट्स स्पोर्ट्स इक्विपमेंट," आमची इरा म्हणाली.

"नमस्कार कर आणि गप बस."

तिनं केला. एका हातानं, दुसऱ्यात फोन होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही इक्बालच्या गोदामात गेलो. इक्बाल माझा जुना मित्र, मूळचा दाभोळचा. त्याचं रियाधच्याच अल सुलै भागात टाइल्सचं गोदाम आहे आणि तिथल्या लांब बोळात मेधा सराव करते. स्पर्धेआधी धनुष्य तपासायची एक रीत असते. चौकटीत कागद ताणून बसवायचा आणि जवळून त्यातून बाण मारायचा. भोक गोल पडलं तर बाण सरळ जातोय, लांबट फाटलं तर शेपूट हलवत जातोय. आम्ही कागद म्हणून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं लावली.

मेधानं बाण सोडला. टोक बुधवारात घुसलं आणि मागची पिसं मंगळवार फाडून गेली.

"असं कधी होत नाही," ती म्हणाली.

"तू फक्त मार, बाकी माझ्यावर सोड," मी म्हणालो. मी रात्री यावरचे व्हिडिओ बघितले होते. (नुसते बघूनच थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं.)

बाण ज्यावर टेकतो त्या छोट्या काट्याला रेस्ट म्हणतात. तो मी जरा खाली घेतला. पिसांनी सोमवार फाडला. वर घेतला, रविवारही गेला. डावीकडे सरकवला तेव्हा बाण थेट मागच्या पानावरच्या उपवासाच्या थालीपिठात शिरला. इक्बाल चहा घेऊन आला आणि कागदाकडे बघत राहिला.

"अरे, महिना संपवलास की रे तू."

मला हसू आलं, पण मेधा हसली नाही. तिनं धनुष्य खाली ठेवलं. "धनुष्याचं काही नाही. माझाच हात गेलाय. मी नाव काढून घेते."

ही बाई दुखऱ्या दाढेसमोर कधी कचरली नाही, आणि माझ्या स्क्रूगिरीनं तिचा स्वतःवरचा विश्वास ढळला होता.

"एक मिनिट," इक्बाल म्हणाला. "हा काटा पडत का नाही?"

बाण सुटताच त्या काट्यानं पटकन खाली पडायचं असतं, म्हणजे पिसं त्याला घासत नाहीत. आमचा काटा ताठ उभा होता. मेधानं खिशातून दात कोरायची आपली बारीक सळई काढली (डॉक्टरच्या खिशात ती असतेच) आणि सांध्यात घातली. टुणकन एक गुलाबी दाणा बाहेर पडला.

"अक्षता," मेधा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, पूजा कुठवर केलीत?"

"मनापासून केली."

"ठीक आहे. आता रेस्ट परत माझ्या खुणेवर आणा. पांढऱ्या रेघा आहेत बघा."

मी चहाचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली, पण बोलणं थोडं लांबलं. "त्या तुझ्या होत्या होय?"

यानंतर ती जे बोलली ते इक्बालनं ऐकलं नाही असं तो अजून म्हणतो.

तोच पुढे वाकला. "हे पिवळं काय?"

पूजेत मी हळदीचं बोट नेमकं रेस्टच्या जोडावर टेकवलं होतं. तेव्हा रेस्ट जागेवर होता. मी तो हलवला तशी त्या बोटाची दोन शकलं झाली, अर्धं धनुष्यावर, अर्धं रेस्टवर. मेधानं माझ्या हातातली स्क्रू फिरवायची ॲलन की काढून घेतली आणि दोन्ही अर्धी हळद हळूहळू जुळवली. बोट पूर्ण झालं. तिनं श्वास रोखून बाण सोडला.

टोक आणि पिसं एकाच गुरुवारात.

शुक्रवारी मला गाडीतच बसवलं होतं. मेधा बाहेर आली ती चेहरा गंभीर करून, पण ते तिला दोन पावलंही जमलं नाही. "जुबैल!" म्हणाली आणि भर पार्किंगमध्ये माझ्या खांद्यावर थाप मारली. इतकं खूश तिला मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. हळदीची खूण तिनं तशीच ठेवली आहे.

"तुम्हीही चला जुबैलला," ती म्हणाली.

"टूलकिट घेऊ?"

"गाडी चालवायला चला."

गाडी हल्ली जरा उजवीकडे ओढते असं मला वाटतंय. पण मी पाना उचललेला नाही. खंडेनवमीला पूजा तिचीही केली होती, तेव्हा आधी वाकून चाकात नारळाचं काही अडकलंय का ते बघतोय.